हिटलरच्या आईचे डॉक्टर: लिंत्सच्या एडुआर्ड ब्लॉख यांचे पुढे काय झाले?

रोजकीर्द यांचा प्रश्न

माझे वडील मिरजेत अडतीस वर्षे जनरल प्रॅक्टिस करत होते. ते गेल्यानंतर दवाखाना आवरताना कपाटाच्या तळाशी त्यांच्या रोजच्या हिशोबाच्या वह्या सापडल्या. तारीख, पेशंटचे नाव, दवाखान्यात पाहिले की व्हिजिटला गेले, येणे किती आणि जमा किती, असे साधे रकाने त्यांत आहेत, आणि काही नावांपुढचा जमेचा रकाना वर्षानुवर्षे कोराच आहे. या वह्या चाळत असतानाच एका परदेशी लेखात डॉ. एडुआर्ड ब्लॉख यांच्या १९०७ सालच्या हिशोबवहीचा उल्लेख वाचला. क्लारा हिटलर या बाईंच्या शेवटच्या आजारपणातील उपचारांची नोंद त्या वहीत आहे आणि इतिहासकार तिच्यावरून अजूनही वाद घालतात, असे त्यात म्हटले होते.

ब्लॉख यांच्याविषयी मराठीत जे वाचायला मिळते ते सहसा दोन ओळींच्या पुढे जात नाही: हिटलरच्या आईवर उपचार करणारे ज्यू डॉक्टर, ज्यांना पुढे हिटलरने वाचवले. मला हे 'वाचवले' नेमके काय होते ते समजून घ्यायचे आहे. त्यांचा दवाखाना चालू राहिला का? त्यांच्या उपचारांत काही चूक झाली होती आणि त्यातूनच तो सगळा द्वेष निपजला, असेही कोठे कोठे लिहिलेले दिसते. त्यात तथ्य किती? आणि अमेरिकेत गेल्यावर त्यांनी पुन्हा प्रॅक्टिस केली का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

मध्य युरोप यांचे उत्तर

आधी माणसाविषयी लिहितो, कारण या प्रकरणात ब्लॉख हे नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी चरित्रातील एका परिच्छेदापुरतेच येतात.

त्यांचा जन्म ३० जानेवारी १८७२ रोजी दक्षिण बोहेमियात, व्ल्टावा नदीकाठच्या एका छोट्या गावी झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याचे नाव ह्लुबोका असे आहे. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी प्राग येथे घेतले, त्यानंतर ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात डॉक्टर होते, आणि त्या नोकरीतच त्यांची नेमणूक ऑस्ट्रियातील लिंत्स या गावी झाली. सैन्यातून मोकळे झाल्यावर १९०१ साली त्यांनी त्याच गावात, लांडष्ट्रासे या हमरस्त्यावरील एका जुन्या बरोक वाड्यात दवाखाना थाटला. दवाखाना आणि बिऱ्हाड एकाच इमारतीत होते, जसे आपल्याकडे 'खाली दवाखाना, वर घर' असे तेव्हाही असे आणि अजूनही असते. लग्न, एक मुलगी, आणि गरिबांचा डॉक्टर म्हणून मिळालेला लौकिक. रात्री-अपरात्री बोलावणे आले तरी रुंद कडांची टोपी घालून घोडागाडीतून व्हिजिटला निघणारा डॉक्टर, अशी त्यांची लिंत्समध्ये ओळख होती.

हिटलर कुटुंब हे त्यांच्या अनेक पेशंट-कुटुंबांपैकी एक होते. वडील आलोइस जानेवारी १९०३ मध्ये वारले होते, घर विधवेच्या निवृत्तिवेतनावर चालत होते. अ‍ॅडॉल्फ या मुलावर ब्लॉख यांनी सर्दी, घसा अशा किरकोळ दुखण्यांसाठी उपचार केले होते. हिटलरने पुढे आपल्या आत्मचरित्रात फुप्फुसाच्या गंभीर आजारामुळे शाळा सोडावी लागली असे लिहिले; ब्लॉख यांनी मात्र तसा कोणताही आजार आपल्या पाहण्यात आला नसल्याचे सांगितले. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. ज्याच्यामुळे गाव, घर आणि व्यवसाय सुटला त्याच्याविषयी बोलतानाही ते आधी फॅमिली डॉक्टर म्हणूनच बोलतात.

जानेवारी १९०७ मध्ये क्लारा छातीतील दुखणे घेऊन दवाखान्यात आल्या. तपासणीत स्तनाचा कर्करोग असल्याचे ब्लॉख यांच्या लक्षात आले. हे त्यांनी बाईंना लगेच सांगितले नाही, मुलांना बोलावून सांगितले, आणि त्या वेळी अठरा वर्षांचाही नसलेला अ‍ॅडॉल्फ रडू लागला, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. १८ जानेवारीला लिंत्सच्या सिस्टर्स ऑफ मर्सी या रुग्णालयात शल्यविशारद कार्ल उर्बान यांनी शस्त्रक्रिया केली. त्यानंतर कुटुंबाने लिंत्समधील तिसऱ्या मजल्यावरचे घर सोडले, कारण जिने चढणे बाईंना झेपत नव्हते, आणि ते डॅन्यूबपलीकडच्या उरफार या उपनगरात राहायला गेले. शरद ऋतूत रोग उलटला. २१ डिसेंबर १९०७ रोजी पहाटे, वयाच्या ४७ व्या वर्षी त्या वारल्या.

२४ डिसेंबरला, म्हणजे ख्रिसमसच्या आदल्या दिवशी, मुले डॉक्टरांचा हिशोब चुकता करायला आली. एकूण बिल ३५९ क्रोनेन (तेव्हाचे ऑस्ट्रियन चलन) झाले होते, त्यांपैकी ५९ आधीच दिलेले होते, उरलेले ३०० त्या दिवशी दिले गेले. 'मी आपला कायमचा ऋणी राहीन' अशा अर्थाचे शब्द त्या वेळी अ‍ॅडॉल्फने काढल्याचे ब्लॉख सांगतात. नंतर व्हिएन्नाहून त्याची दोन कार्डे आली. त्यांतील एक त्याने स्वतः रंगवले होते: फेसाळत्या शँपेनचा पेला उंचावणारा कॅपुचिन साधू, आणि नववर्षाच्या शुभेच्छा.

उपचारांचे आणि नंतरच्या काळाचे इतरांनी लिहावे. त्या विषयातील डॉक्टर मंडळी येथे आहेत.

निवृत्त जीपी यांचे उत्तर

उपचारांविषयीच्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण या बाबतीत डॉक्टर नसलेल्या लेखकांनी बराच गोंधळ करून ठेवला आहे.

अखेरच्या सुमारे दीड-दोन महिन्यांत ब्लॉख जवळजवळ रोज उरफारला जात होते आणि आयडोफॉर्मने जखमेचे ड्रेसिंग करत होते. आयडोफॉर्म म्हणजे आयोडिनयुक्त पिवळी भुकटी. आमच्या विद्यार्थिदशेत कानानाकात भरायच्या पट्टीला ती लावलेली असे, आणि तिचा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास साबणाने दोनदा हात धुतले तरी संध्याकाळी जेवताना बोटांना येत असे. १९०७ साली ते सर्रास वापरले जाणारे जंतुनाशक होते. कर्करोगाची गाठ फुटून उघडी जखम झाली की तिच्यावर आयडोफॉर्ममध्ये भिजवलेले गॉज ठेवण्याची पद्धत होती, त्यामागे जंतुसंसर्ग रोखणे हा एक हेतू आणि रोगट भाग जाळून निघेल ही आशा हा दुसरा. त्याची आग भयंकर होते. शरीरात जास्त प्रमाणात शोषले गेले तर विषबाधा होऊन रुग्ण भ्रमातही जाऊ शकतो. हे सगळे त्या काळी माहीत होते, आणि तरीही ते वापरले जात होते, कारण त्याऐवजी देण्यासारखे फारसे काही हातात नव्हते. क्ष-किरणांचा उपचारासाठी वापर बाल्यावस्थेत होता. कर्करोगावरील औषधे १९४० च्या दशकात आली.

याच नोंदींच्या आधारे अमेरिकन इतिहासकार रुडॉल्फ बिनियन यांनी १९७० च्या दशकात असा सिद्धांत मांडला की, ज्यू डॉक्टरने केलेल्या या यातनामय उपचारांचा राग हिटलरच्या मनात खोल दबून राहिला आणि तोच पुढे सगळ्या ज्यूंवर उलटला. माझे मत स्पष्ट आहे. डोस थोडा कमी हवा होता का, ड्रेसिंग रोज हवे होते का, यावर शंभर वर्षांनी खुर्चीत बसून बोलता येते, परंतु पसरलेला कर्करोग असलेल्या त्या बाईंना १९०७ साली लिंत्समध्ये काय, बर्लिनमध्येही कोणी बरे करू शकले नसते. दुसरे असे की, त्या सिद्धांतासाठी जो राग हवा आहे त्याचा मागमूस कागदोपत्री कोठेही नाही. आहेत ती आभाराची कार्डे आहेत. व्हिएन्नाच्या इतिहासकार ब्रिगिटे हामान यांनी ब्लॉख यांचे चरित्र २००८ साली प्रसिद्ध केले, त्यांनीही हा सिद्धांत मान्य केलेला नाही.

एक वैयक्तिक गोष्ट. माझ्या एका पेशंटच्या घरी मी असाच दीड महिना रोज संध्याकाळी ड्रेसिंगला जात असे. बाई गेल्या. त्यानंतर तो मुलगा रस्त्यात भेटला की नमस्कार करी, पण दवाखान्यात पुन्हा कधी आला नाही. राग होता की ते दार पाहवत नव्हते, हे मी आजतागायत सांगू शकत नाही. त्यामुळे सत्तर वर्षांनी वहीतील आकड्यांवरून दुसऱ्याच्या मनाचे निदान करणाऱ्यांचे मला नवल वाटते.

रोजकीर्द

दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, एक शंका आहे. आईच्या शेवटच्या दिवसांत हिटलर घरी नव्हताच, तो व्हिएन्नात होता, असेही वाचले आहे. मग ब्लॉख यांची साक्ष किती धरायची? ती १९४१ साली, न्यूयॉर्कमध्ये बसून, एका मासिकासाठी लिहिलेली आहे.

मध्य युरोप

काही चरित्रकारांनी तसे म्हटले आहे हे खरे. पण तो आईच्या उशाशी होता असे ब्लॉख सांगतात आणि त्याची बहीण पाऊलाही तेच सांगते, आणि या दोघांनी एकमेकांशी ठरवून सांगण्याचे काही कारण नव्हते. चौतीस वर्षांनी आठवलेल्या बारीकसारीक तपशिलांत चूक असू शकते, हे मान्य. तथापि ब्लॉख यांचे ते लेखन वाचकांना अवघड वाटले ते वेगळ्या कारणाने. मार्च १९४१ मध्ये 'कोलियर्स' या मासिकात ते दोन भागांत आले तेव्हा अमेरिकन वाचकाला राक्षसाचे बालपण हवे होते, आणि डॉक्टरांनी लिहिले की आईच्या मृत्यूने इतका खचून गेलेला मुलगा आपण साऱ्या कारकिर्दीत पाहिला नाही. जे पाहिले ते लिहिले. हे मत त्यांनी नंतरही बदलले नाही. १९४३ साली अमेरिकन गुप्तचर खात्यासाठी हिटलरच्या मनोवृत्तीचा अभ्यास चालू होता, त्यासाठीही त्यांची मुलाखत घेतली गेली.

दारावरची पाटी यांचे उत्तर

'वाचवले म्हणजे काय' हा मूळ प्रश्न अजून शिल्लक आहे, त्यावर लिहिते. त्यासाठी आधी ज्यू डॉक्टरांचा व्यवसाय कसा काढून घेतला गेला ते पाहावे लागेल, कारण तो युद्धाने नव्हे, तर युद्धाआधीच, एकामागून एक काढलेल्या फर्मानांनी संपवला गेला.

जर्मनीत बहुतेक लोकांचे डॉक्टरांचे पैसे आजारपणाच्या विमा-निधीतून दिले जात. २२ एप्रिल १९३३ च्या हुकुमाने ज्यू डॉक्टरांना या निधीच्या कामातून वगळण्यात आले. पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना आणि त्या युद्धाआधीपासून प्रॅक्टिस करणाऱ्यांना काही काळ सूट होती. म्हणजे परवाना हातात, पाटी दारावर, पण पेशंटला खिशातून पैसे मोजल्याशिवाय तुमच्याकडे येता येणार नाही. कायद्याने दवाखाना बंद न करता तो रिकामा करण्याची ही युक्ती होती. त्यानंतर २५ जुलै १९३८ च्या हुकुमाने ३० सप्टेंबरपासून सर्व ज्यू डॉक्टरांचे परवानेच रद्द झाले. त्या वेळी जर्मनीत तीन हजारांहून थोडे अधिक ज्यू डॉक्टर उरले होते. त्यांपैकी फक्त ७०९ जणांना केवळ ज्यू रुग्णांवर उपचार करण्याची मुभा मिळाली, आणि तीही 'डॉक्टर' म्हणून नव्हे, 'रुग्णोपचारक' म्हणून. दारावर निळी पाटी आणि तिच्यावर पिवळ्या वर्तुळात दाविदाचा तारा लावणे त्यांना सक्तीचे होते.

मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया ताब्यात घेतला, आणि तेथे हे सगळे काही महिन्यांत उरकले गेले. १२ मार्च १९३८ रोजी हिटलर लिंत्समध्ये आला तेव्हा त्याची मिरवणूक लांडष्ट्रासेवरून, ब्लॉख यांच्या खिडकीखालून गेली. ते खिडकीत उभे राहून पाहत होते, वय ६६. त्याच्या आदल्या वर्षी हिटलरने लिंत्सकडच्या पक्षकार्यकर्त्यांपाशी त्यांची चौकशी करून, सगळे ज्यू असे असते तर ज्यूंचा प्रश्नच उरला नसता, अशा आशयाचे उद्गार काढल्याचे त्यांच्या कानावर आलेले होते. थोड्याच दिवसांत गेस्टापोचे, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांचे, लोक घरी आले आणि ती दोन कार्डे घेऊन गेले. त्यानंतर ब्लॉख यांनी हिटलरकडे संरक्षणाची विनंती केली आणि ती मान्य झाली. त्यांच्या घरावरील आणि दवाखान्यावरील ज्यू असल्याची पिवळी खूण काढण्यात आली, घर त्यांच्याकडेच राहू दिले गेले. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्या रात्री जर्मनीभर ज्यूंवर हल्ले झाले त्या रात्री लिंत्सचे सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनामंदिर) जाळले गेले आणि त्यानंतर गावातील ज्यूंना व्हिएन्नाला हाकलण्यात आले तेव्हाही त्यांना हात लावला गेला नाही.

आणि तरीही १ ऑक्टोबर १९३८ पासून त्यांचा दवाखाना बंद झाला. येथेच त्या संरक्षणाचा खरा अर्थ कळतो. घर वाचले, जीव वाचला. पेशंट पाहण्याचा हक्क मात्र कोणी परत दिला नाही. ज्या एका गोष्टीसाठी त्यांचे ऋण मानले जात होते, तीच करण्याची बंदी.

डॉक्टरी पेशा आणि पाटी यांवरून मला नेहमी लिली यान आठवतात. त्या हेसेन प्रांतातील इमेनहाउझेन या गावी नवऱ्याबरोबर प्रॅक्टिस करत होत्या. नवरा ख्रिस्ती, त्या ज्यू. १९३३ नंतर त्यांना काम थांबवावे लागले. १९४२ साली नवऱ्याने घटस्फोट घेतला आणि जे थोडे संरक्षण होते तेही गेले. १९४३ साली पाच मुलांसह त्या कासेलला आल्या आणि घंटीपाशी आपले कार्ड लावले, त्यावर नावाआधी 'डॉक्टर' होते आणि ज्यू स्त्रियांना सक्तीचे केलेले 'सारा' हे नाव नव्हते. एवढ्यावरून कोणीतरी चुगली केली. आधी ब्राइटेनाउची श्रमछावणी, मार्च १९४४ मध्ये आउशवित्सची मृत्युछावणी, आणि जूनमध्ये मृत्यू. मुलांची ब्राइटेनाउला आलेली पत्रे त्यांनी आउशवित्सला नेले जाण्याआधी चोरून बाहेर पाठवली होती. ती मुलाने, पुढे पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट यांच्या मंत्रिमंडळात न्यायमंत्री झालेल्या गेरहार्ड यान यांनी, स्वतःच्या मृत्यूपर्यंत, १९९८ पर्यंत, कोणाला न दाखवता जपून ठेवली होती.

ब्लॉख यांच्या दारावरची खूण वरून हुकूम आला म्हणून निघाली. यानबाईंच्या दारावरचे कार्ड त्यांनी स्वतः लावले होते.

नगरकर

फार चांगली चर्चा. एक छोटीशी भर. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनने युद्ध पुकारताच हिंदुस्थानातील जर्मन आणि ऑस्ट्रियन पुरुषांना शत्रूचे नागरिक म्हणून पकडून आमच्या अहमदनगरच्या छावणीत ठेवण्यात आले. त्यांत हिटलरच्या तावडीतून पळून आलेले ज्यूही होते, आणि नाझी पक्षाचे सदस्यही त्याच तारेच्या आत. मुंबईची ज्यू रिलीफ असोसिएशन १९३४ पासून निर्वासितांसाठी काम करत होती, तिला आता आपलीच माणसे सोडवण्यासाठी अर्ज करावे लागले. बऱ्याच जणांची चौकशीनंतर सुटका झाली. हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे, म्हणून येथे थांबतो.

रोजकीर्द

'दारावरची पाटी', आपला प्रतिसाद दोनदा वाचला. आता शेवटचा भाग राहिला: अमेरिकेत त्यांनी पुन्हा प्रॅक्टिस केली का? आणि युद्धानंतर ते लिंत्सला परत गेले का?

मध्य युरोप

दोन्हींचे उत्तर नाही असेच आहे.

मुलगी आणि जावई आधीच देश सोडून गेले होते. जावईही डॉक्टर होते. ब्लॉख पती-पत्नी १९४० च्या अखेरीस लिस्बनमार्गे निघाले. निघताना मिळालेल्या सवलतीचा उल्लेख त्यांनी जरा कोरड्या विनोदाने केला आहे: इतर ज्यूंना देशाबाहेर नेता येत होते १० मार्क, त्यांना नेऊ दिले १६. शिवाय नाझी डॉक्टरांच्या संघटनेने त्यांच्या वैद्यकीय ज्ञानाविषयी आणि सचोटीविषयी एक शिफारसपत्रही दिले. ज्यांनी परवाना काढून घेतला त्यांनीच दिलेला हा दाखला. न्यूयॉर्कमध्ये त्याचा उपयोग शून्य. त्यांची पदवी तेथे ग्राह्य धरली गेली नाही, आणि एकोणसत्तराव्या वर्षी नव्या भाषेत नव्याने परीक्षा देऊन दवाखाना उघडणे ही व्यवहारातील गोष्ट नव्हती. ब्रॉन्क्समधील घरात ते निवृत्तासारखे राहिले. लिंत्समध्ये ३७ वर्षे प्रॅक्टिस केली, पण त्यांच्याकडे जे लोक विचारायला येत, ते एकाच पेशंटच्या घराविषयी विचारत.

परत जाण्याचा प्रश्न उद्भवलाच नाही. ३० एप्रिल १९४५ ला हिटलरने आत्महत्या केली, ५ मे रोजी अमेरिकन सैन्य लिंत्समध्ये शिरले, ८ मे रोजी युरोपातील युद्ध संपले. ब्लॉख तोपर्यंत जठराच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळले होते. १ जून १९४५ रोजी ब्रॉन्क्समध्येच ते वारले.

निवृत्त जीपी

'रोजकीर्द', एक विचारायचे राहून गेले. आपल्या वडिलांच्या ज्या पेशंटांपुढे जमेचा रकाना कोरा आहे, त्यांच्या घरी व्हिजिटची नोंद पुढेही चालू राहिलेली दिसते का?

रोजकीर्द

आत्ता वही उघडून पाहिले. एका नावापुढे १९७४ पासून १९८१ पर्यंत एकदाही जमा नाही. व्हिजिटा एकेचाळीस आहेत.